१० केल्विनला बर्फात अभिक्रिया होते तरी कशी?

प्रश्न – रसायन विद्यार्थिनी, नांदेड
मी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. आंतरतारकीय धूलिकणांवरील बर्फात सेंद्रिय रेणू तयार होतात आणि ते प्रयोगशाळेत दाखवता येते, असे वाचनात आले. परंतु तेथील तापमान सुमारे १० केल्विन (उणे २६३ अंश सेल्सिअस) असते. तापमानावरून अभिक्रियेचा वेग सांगणाऱ्या आऱ्हेनियसच्या समीकरणात ते घातले, तर अल्पशी सक्रियन ऊर्जा (अभिक्रिया सुरू होण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा) लागणारी अभिक्रियाही थांबायला हवी. शिवाय लाखो वर्षांची प्रक्रिया काही तासांत कशी उरकतात?

उत्तर – निवृत्त प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर
आऱ्हेनियसचे गणित या ऊर्जेचा अडथळा ओलांडणाऱ्या कणांचे आहे. हायड्रोजनचा अणू इतका हलका असतो की तो अडथळ्यातून आरपार जाऊ शकतो. यालाच टनेलिंग म्हणतात. जपानच्या होक्काइदो विद्यापीठातील वातानाबे आणि कोउची यांनी २००२ मध्ये दाखवले की, पाणी आणि कार्बन मोनॉक्साइडच्या १० केल्विनच्या बर्फावर हायड्रोजनचे अणू सोडले, तर फॉर्माल्डिहाइड आणि पुढे मिथेनॉल तयार होते. यात प्रकाशाची गरजच पडली नाही.

दुसरा मार्ग अतिनील किरणांचा. फोटॉन (प्रकाशकण) रेणूतील बंध तोडतो, त्यातून सुटलेले क्रियाशील तुकडे म्हणजे मूलके बर्फात अडकून पडतात आणि बर्फ सावकाश तापवल्यावर ती सरकून एकमेकांना भेटतात. काळाचा हिशेब असा, की अवकाशातील वायू-धुळीच्या दाट ढगाच्या अंतर्भागात दर चौरस सेंटीमीटरवर सेकंदाला सुमारे १०,००० अतिनील फोटॉन पडतात, तर प्रयोगातील हायड्रोजन दिवा त्याच्या साधारण हजार कोटीपट देतो; म्हणजे दिव्याचा एक तास ढगातील सुमारे ११ लाख वर्षांएवढा. मात्र एकूण मात्रा जुळली म्हणजे वेगही जुळला असे नव्हे, आणि माझ्या मते या प्रयोगांची खरी मर्यादा तीच आहे.

उत्तर – निर्वात तंत्रज्ञ, हिंगोली
यंत्रणेबद्दल थोडे. प्रयोग होतो त्या निर्वात कोष्ठातील दाब मिलिबारच्या हजार कोटीव्या भागाइतका खाली न्यावा लागतो. तो दहा लक्षांशापाशीच थांबला, तर उरलेल्या हवेचा एक थर थंड पृष्ठभागावर जवळपास सेकंदभरात जमतो आणि आपण नेमके कशाचे रसायन पाहतो आहोत, हेच कळेनासे होते. आमच्या औंढ्याजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेलाही अतिनिर्वातच लागणार आहे, तेथे कारण वेगळे. बर्फात काय घडते ते अवरक्त वर्णपटावरून समजते. तापवताना उडून जाणारे रेणू वस्तुमान वर्णपटमापी टिपतो.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार, सर. मग अमिनो आम्लेही याच बर्फात तयार झाली का?

निवृत्त प्राध्यापक
येथे शब्द जपून वापरावेत. २००२ मध्ये नासाच्या एम्स केंद्रातील आणि नेदरलँड्सच्या लायडनमधील गटांनी ‘नेचर’मध्ये असे निष्कर्ष स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. लायडनच्या गटाला १६ अमिनो आम्ले सापडली, परंतु ती बर्फ तापवल्यावर उरलेल्या अवशेषाचे आम्लाने जलापघटन (पाण्याच्या साहाय्याने रेणू तोडणे) केल्यानंतर. म्हणजे बर्फात तयार झाली ती बहुतांशी त्यांची पूर्वरूपे. ती बाहेरची भेसळ नव्हती, एवढे मात्र बर्फात कार्बन-१३ हा ओळखता येणारा जड कार्बन वापरल्यामुळे निश्चित झाले.