४३ इंची टीव्हीवर नुसती चक्री फिरते, मोबाईलवर मात्र सगळं चालतं

बोरीकाठचा
अमळनेर तालुक्यातलं खेडं, घर आजोबांच्या वेळचं, धाब्याचं. दसऱ्याला ४३ इंची टीव्ही घेतला. दुकानदार म्हणे स्मार्ट आहे, आता डिश कशाला? म्हणून रिचार्ज बंद केला, आता पस्तावतोय.

फायबर दारापर्यंत आलंय, ४० एमबीपीएस वेगाचा प्लॅन. राउटर पुढच्या खोलीत, भिंतीतल्या गोखल्यात ठेवलाय, वायर तिथवर सहज आली म्हणून. टीव्ही माजघरात, कारण माय तिथेच बसते. राउटरजवळ मोबाईल धरला तर ३८ दाखवतो. टीव्हीवर मात्र माणसांची तोंडं चौकोनी चौकोनी, मग चक्री. परवा माय विचारते, "हाई काय गरगर फिरी र्‍हायनं रे भाऊ?" काय सांगू तिला?

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर मॅच लावून पाहिली. चित्र झकास, पण रोजचे २ जीबी पहिला डाव संपायच्या आत खलास. मोबाईलची स्क्रीन टीव्हीवर टाकली तर युट्युब दिसतं, पैसे भरलेल्या ॲपचा मात्र नुसता आवाज, पडदा काळा. टीव्ही बदलू की टीव्हीला मागून खोचायची, ॲप चालवणारी ती काडी (स्टिक) मिळते ती घेऊ?

सातपुडा_पायथा
काडी घ्या सरळ. आमच्याकडे वर्षभर चालू आहे, मस्त.

पांझराकाठ
थांबा भाऊ, खिशात हात घालू नका. काडीसुद्धा त्याच वायफायवर चालणार, ती काय वेगळं पाणी आणणार?

मी धुळ्याकडे आधी केबल टाकायचो, आता फायबर जोडतो. धाब्याच्या घरातून दर महिन्याला हीच तक्रार येते. आधी एक करा: टीव्हीला मोबाईल चिकटवून, हॉटस्पॉट नाही, घरच्या वायफायवर, स्पीड मोजा. माजघराचं दार लावून एकदा, उघडं ठेवून एकदा. आकडे इथे टाका.

बोरीकाठचा
दार उघडं ४. लावलं की २.

पांझराकाठ
सापडला चोर. नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीला ५ आणि ४केला १५ एमबीपीएस सांगतं. तुमच्या टीव्हीपर्यंत ४ पोचतात.

दोन फुटी मातीची भिंत वायफाय गिळते. पावसाळ्यात ओल धरली की आणखी, कारण पाणी त्या लहरी शोषतं. त्यात तुम्ही राउटर बसवलाय गोखल्यात, म्हणजे तीन बाजूंनी माती. देवाला ती जागा बरी, राउटरला नाही. आणि माजघराच्या त्या भिंतीला स्टीलच्या भांड्यांची मांडणी आहे का? असणारच, आपल्याकडे कोणाच्या घरी नसते! धातू लहरी परतवतो. मोबाईलमध्ये घरच्या वायफायची नावं दोन दिसत असतील, एक साधं आणि एक ५जी लिहिलेलं. हे ५जी म्हणजे मोबाईलचं नाही, ५ गिगाहर्ट्झ. त्याला वेग जास्त, पण भिंतीपुढे ते आधी गुडघे टेकतं. लांबच्या खोलीत साधं, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ वालंच धरा.

खरा उपाय लॅन केबल. टीव्हीच्या मागे चौकोनी खाच आहे का बघा, लँडलाइनच्या पिनेपेक्षा थोडी रुंद. कॅट ६ ची वायर राउटरपासून दाराच्या चौकटीवरून न्या. भिंतीला ड्रिल मारू नका, जुनी माती भसाभस सुटते. ही वायर १०० मीटरपर्यंत चालते, तुम्हाला १५ पुरेल. खाच नसेल तर राउटरच गोखल्यातून काढून दाराच्या चौकटीवर बसवा.

हॉटस्पॉटचं गणित सोपं आहे. एचडीला तासाला दोन-तीन जीबी लागतात, २ जीबीत मॅच कशी बसेल? काळ्या पडद्याचं म्हणाल तर पैशाची ॲप स्क्रीन टाकू देत नाहीत, कोणी रेकॉर्ड करू नये म्हणून. तेच ॲप टीव्हीत टाका. ॲपमध्ये कास्टचं चिन्ह असेल तर तेही चालतं, तिथे टीव्ही स्वतःच नेटवरून चित्र ओढतो आणि मोबाईल फक्त रिमोट होतो.

सातपुडा_पायथा
बरं, माझं मागे घेतो. आमचं घर स्लॅबचं आहे आणि राउटर टीव्हीखालीच. पण कोणी काडी घेतलीच तर तिला सोबत आलेला चार्जर लावा. टीव्हीच्या यूएसबीवर आमची सारखी बंद-चालू व्हायची.

मेहरूणकर
राउटरला छोटा यूपीएसही घ्या. लाईट गेली की टीव्ही इन्व्हर्टरवर चालू आणि नेट बंद, असं आमच्याकडे मे महिन्यात रोज व्हायचं.

बोरीकाठचा
रविवारी १५ मीटर वायर टाकली. खाच होती, तिच्यावर कंपनीचं स्टिकर होतं म्हणून दिसली नव्हती. टीव्हीवर आता ३७ दिसतात. माय दुपारभर अहिराणी गाणी ऐकत बसली.

एकच राहिलं. मॅच लागली की शेजारचे नाना आधी ओरडतात, त्यांच्याकडे डिश आहे. आमचा बॉलर तेव्हा रनअपवर असतो. हे पण वायरने जाईल का?

पांझराकाठ
नाही जाणार. नेटवरची मॅच काही सेकंदांचे तुकडे करून येते, टीव्ही थोडे तुकडे साठवतो, मग दाखवतो. वीस-तीस सेकंद मागे राहणारच.

बोरीकाठचा
मग नानांनाच आमच्या माजघरात बोलावतो. चहा मायच्या हातचा. डिशचा रिमोट मात्र घरी ठेवून यायचं म्हटलंय.