‘एडीएचडी’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: शाळेच्या पालकसभेसाठी मराठीत एक माहितीपत्रक तयार करत आहे. त्यात ‘एडीएचडी’साठी ‘अवधान-कमतरता अतिचंचलता विकार’ असा शब्द योजला होता. पालक बिचकतील, नुसते ‘अतिचंचलता’ लिहावे, असे वर्गशिक्षिकांनी सुचवले. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १: नुसते ‘अतिचंचलता’ लिहू नये. जी मुलगी वर्गात गुपचूप बसते, पण फळ्यावरची चार वाक्ये उतरवताना तिसऱ्या वाक्यात हरवते आणि डबा किंवा कंपास रोज शाळेत विसरून येते, तिच्यापर्यंत हा शब्द पोहोचतच नाही. तिची आई ‘आमची तर गरीब गाय आहे’ म्हणत पत्रक बाजूला ठेवील. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या १९८० च्या निदानपुस्तिकेत अतिचंचलतेसह आणि अतिचंचलतेविना असे दोन्ही प्रकार होते. १९८७ मध्ये ‘एडीएचडी’ हे सध्याचे नाव आले आणि चंचलता थेट नावातच जाऊन बसली. पुढे १९९४ मध्ये केवळ अवधानाशी निगडित प्रकार पुन्हा वेगळा दाखवला गेला, पण नाव तेच राहिले.

मुळात यातले प्रत्येक नाव मुलाला काय होते यापेक्षा पाहणाऱ्याला काय खटकते, हेच अधिक सांगते. १९०२ मध्ये लंडनच्या व्याख्यानांत बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी ‘नैतिक नियंत्रणातील दोष’ अशी मांडणी केली. नंतर ‘मेंदूची किंचित इजा’ म्हटले गेले, आणि इजा दाखवता येईना तेव्हा तिचा ‘किंचित बिघाड’ झाला. १९६८ मध्ये ‘बालपणातील अतिचलन प्रतिक्रिया’ हे नाव आले. नैतिक दोष म्हटला की छडी आठवते. प्रतिक्रिया म्हटली की ‘कशाची?’ असे विचारत बोट आईवडिलांकडे वळते. आणि ‘बालपणातील’ म्हटल्यावर चाळिशीतल्या माणसाने दाद मागावी तरी कोणाकडे?

‘कमतरता’ हा शब्द मला सर्वांत घातक वाटतो. अडचण अवधान कमी असण्याची नसून ते हवे तिकडे वळवण्याची आणि गुंतलेले सोडवून घेण्याची आहे. गणपतीचे मखर करताना अभ्यासात लक्ष न टिकणारा मुलगा तीन तास जागचा हलत नाही, जेवणाची हाक त्याच्या कानावर पडत नाही. मग ‘आवडीचे बरे जमते, अभ्यासालाच कशी कमतरता येते?’ हा टोमणा ठरलेला. न्यूझीलंडमध्ये भाषातज्ज्ञ केरी ओपाई यांनी तिथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत ‘अरोरेरेतिनी’ हा शब्द दिला आहे. अवधान अनेक गोष्टींकडे जाते, असा त्याचा अर्थ. त्यात उणेपणा नाही, वर्णन आहे.

प्रतिसाद २: ‘कमतरते’विषयी सहमत आहे, मात्र याच ओघात ‘विकार’ही गाळावा असे कोणी सुचवील, म्हणून लिहितो. मनोविकार म्हणजे वेड, ही समजूत आपल्याकडे अजून पक्की असल्यामुळे तो शब्द बोचतो, हे खरे. पण तो काढल्यावर त्या जागी ‘धांदरट’, ‘वेंधळा’, ‘आरंभशूर’ हे शब्द येतात. ते तर घरोघरी तयारच आहेत, आणि वेंधळ्या मुलाला कोणी औषध देत नाही किंवा परीक्षेत वेळ वाढवून देत नाही. आधीच २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. अशा वेळी वैद्यकीय नावही सौम्य करून टाकले, तर पालकांनी शाळेशी बोलायचे कशाच्या आधारावर?

पत्रकात शीर्षक ‘एडीएचडी’ असेच ठेवावे आणि खाली ‘अवधानाच्या नियमनाचा विकार, काहींत अतिचंचलता दिसते, काहींत दिसत नाही’ असे लिहावे. आणखी एक: ‘हा मुलगा एडीएचडी आहे’ ही रचना हल्ली सर्रास ऐकू येते. दम्याच्या बाबतीत आपण ‘मुलगा दमा आहे’ म्हणत नाही. तेव्हा पत्रकात सर्वत्र ‘मुलाला’ किंवा ‘मुलीला एडीएचडी आहे’ असेच असू द्यावे.