गाडीचा अपघात झाल्यावर पोलीस, दवाखाना, इन्शुरन्स : कोल्हापूरकरांनो, अनुभव सांगा

"समोरचा खर्च द्यायला तयार आहे, कशाला केस करताय, मिटवून टाका." आपल्याकडं अपघात झाला की हे सांगणारं कुणीतरी हमखास भेटतं आणि घरचे घाबरलेले असतात म्हणून स्टॅम्पवर सह्या होऊन जातात. आमच्या दाजींचं तसंच झालं. शिरोली नाक्याजवळ कारनं उडवलं, मांडीचं हाड मोडलं, कारवाल्यानं पहिल्या ऑपरेशनचं बिल भरलं आणि घरच्यांनी तक्रार नाही म्हणून लिहून दिलं. रॉड काढायचं दुसरं ऑपरेशन आलं तेव्हा तो फोन उचलंना. खरं तर त्या कारचा थर्ड पार्टी विमा होता, भरपाई कारवाल्याच्या खिशातनं नाही तर कंपनीकडनं येणार होती, हे तेव्हा कुणीच सांगितलं नाही. म्हणून हा धागा. तुमच्यावर वेळ आली तेव्हा काय कामाला आलं, कुठं अडलं, मोकळेपणानं लिहा. दवाखान्याचं, पोलिसांचं, कंपनीचं, सगळं चालंल.

उचगावची लेक
दवाखान्याचा पहिला कागद वाचा, एवढंच मी सगळ्यांना सांगते. आमच्या मालकांना तावडे हॉटेलच्या चौकात चारचाकीनं मागनं धडक दिली, रस्त्यावरच्या पोरांनी उचलून खाजगी दवाखान्यात नेलं, आणि तिथं गडबडीत कुणीतरी "गाडीवरनं पडलाय" एवढंच सांगितलं. केसपेपरवर तसंच चढलं, "दुचाकीवरून पडून जखमी". पुढं कोर्टात कंपनीच्या वकिलानं बाकी सगळं सोडून त्याच ओळीवर बोट ठेवलं, की धडक बसलीच नाही, हे आपले आपण पडलेत. पण दुसऱ्या दिवशी मालक शुद्धीवर आल्यावर माझ्या भावानं डॉक्टरांना अर्ज दिला होता आणि डॉक्टरांनी तारीख-वेळ टाकून खाली लिहिलं होतं, "शुद्धीवर आल्यावर रुग्णाने सांगितले की मागून चारचाकीची धडक बसली". ती नोंद आणि एक चहावाले काका साक्षीला उभे राहिले, म्हणून केस टिकली. एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची दवाखान्यातली) नोंद झाली का तेही तिथंच विचारा, काही ठिकाणी पोलिसांची कटकट नको म्हणून टाळाटाळ करतात.

हातकणंगले रोड
सीझनमध्ये रात्री गाडी चालवणाऱ्यांनी हे वाचा. उसाची डबल ट्रॉली पंक्चर होऊन अर्ध्या रस्त्यात उभी, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, दगडसुद्धा लावलेले नाहीत. समोरनं फुल लाईट मारत ट्रक आला आणि आमची कार ट्रॉलीखाली घुसली. मागनं धडकला म्हणून गुन्हा माझ्यावरच दाखल झाला. वाचवलं ते फोटोंनी. ढाब्यावरच्या एका पोरानं ट्रॉली हलवायच्या आधी मोबाईलवर मागची बाजू टिपली होती, त्यात रिफ्लेक्टर नाही हे स्वच्छ दिसत होतं. सकाळपर्यंत ट्रॉलीला नवीन लाल पट्ट्या लागल्या होत्या बरं का! माझ्या क्लेममध्ये माझी थोडी चूक धरून तेवढी रक्कम कापली, ते मला मान्य आहे. पण बायको शेजारी बसलेली, तिची चूक काय? वकिलांनी समजावलं की दोन वाहनांच्या चुकीत तिसरा माणूस जखमी झाला तर त्याला पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाकडूनही मागता येते, तुमची टक्केवारी तिला लागत नाही. तिचा अर्ज वेगळा केला. ट्रॅक्टरचा विमा आहे का, ट्रॉलीचा वेगळा नंबर आणि विमा आहे का, हे पोलिसांकडनं पहिल्या आठवड्यातच काढून घ्या.

राजारामपुरी ९वी गल्ली
माझं मत थोडं वेगळं आहे. कुणाला लागलेलं नसंल, नुसतं बंपर-दरवाजा घासला असंल तर मिटवलेलं बरं. आम्ही जागेवर मिटवलं, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शाबूत राहिला. पाच वर्षं क्लेम नसंल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो, एका खरचट्यापायी कशाला घालवायचा.

धागाकर्ता
पटलं. पत्र्याचं मिटवा, हाडाचं मिटवू नका. मुका मार म्हणून सोडलेलं नंतर एमआरआयमध्ये वेगळंच निघतं.

गगनबावडा रस्ता
माझ्या धाकट्या भावाला अज्ञात वाहनानं उडवलं. तो गेला. गाडी सापडलीच नाही. जास्त लिहवत नाही, पण हे माहीत असू दे, की गाडी सापडली नाही तरी हिट अँड रनची सरकारी भरपाई असते, मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडं जातो, मंजुरी कलेक्टर देतात. आम्हाला हे पोलीस पाटलांनी सांगितलं. आईनं ते पैसे त्याच्या पोरीच्या नावावर ठेवलेत.

कसबा बावडा, वकिली करते
सगळं वाचलं. काही गोष्टी नीट सांगते.

मोटार अपघात न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज करायचा. एप्रिल २०२२ पासून त्याला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे. ह्या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर बसू नका, मुदतीतच दाखल करा. अपघात कर्नाटकात, निपाणी-बेळगावकडं झाला तरी तुम्ही राहता कोल्हापुरात तर इथं अर्ज चालतो. लोक उगाच तिकडं हेलपाटे मारतात. कुणाची चूक हे सिद्ध करायचं नसंल तर कलम १६४ आहे, मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, ठरलेली रक्कम.

अपंगत्वाचा दाखला सीपीआरमधनं (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) घ्या, पण नुसत्या टक्क्यावर थांबू नका. सेंट्रिंगवाल्याचा अंगठा गेला आणि बँकेतल्या माणसाचा गेला, दाखल्यावर टक्का एकच येईल, कमाईचं नुकसान मात्र वेगळं. ते कोर्टापुढं मांडावं लागतं. आणि "मिळतील त्यातले इतके टक्के द्या" अशा फीला बार कौन्सिलची मनाई आहे, असं कुणी दवाखान्यात येऊन कोऱ्या वकीलपत्रावर सही मागितली तर देऊ नका. हे पोटतिडकीनं सांगतेय, कारण अशा सह्या केलेली माणसं माझ्याकडं रडत येतात.

निकाल पटला नाही तर हायकोर्टात अपील, ९० दिवसांत. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठायला लागायची, आता ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच इथंच आहे.

गोकुळ शिरगाव एमआयडीसी
स्वतःच्या गाडीच्या क्लेमबद्दल. कंपनीनं नेमलेला सर्व्हेअर येऊन नुकसान बघेपर्यंत गाडी खोलू देऊ नका, गॅरेजवाला कितीही घाई करू दे. झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) नसंल तर प्लास्टिक, रबराच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर काही कापत नाहीत. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला तर टोटल लॉस. माझा क्लेम आधी नाकारला होता, पुण्याच्या विमा लोकपालांकडं तक्रार केली, फी नाही, वकील लागत नाही. आणि जुनी गाडी घेतलीय त्यांनी आरसीबरोबर पॉलिसी पण १४ दिवसांत नावावर करून घ्या.

कागल
जखमीला उचलायला लोक भितात अजून. मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय, मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत. शिवाय मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, नेमलेल्या हॉस्पिटलात ७ दिवस, दीड लाखापर्यंत उपचार. दवाखान्यात गेल्या गेल्या विचारा.

भोगावतीकाठ
माझी आई माझ्या मामाच्या गाडीवर मागं बसलेली, कारनं ठोकलं, खुबा गेला. कंपनीवाले म्हणाले घरातली बाई, उत्पन्न काय? आईच्या नावावर दूध संस्थेचं खातं होतं, दर दहा दिवसाचं बिल, लिटर-फॅट सगळं छापलेलं. ती बिलं लावली. म्हशी सांभाळणं, वैरण, धारा, आणि घरचं काम वेगळंच. कोर्टानं दुधाचं उत्पन्न धरलं आणि घरकामाचंही मोल धरलं. फिजिओथेरपीच्या पावत्या मात्र काही ठिकाणी देत नाहीत, प्रत्येक वेळी मागून घ्या.

नवीन सभासद
ताई, पंचनामा आणि एफआयआरची नक्कल आम्हाला मिळते का? ठाण्यात उद्या या, परवा या चाललंय.

कसबा बावडा, वकिली करते
मिळते, तो तुमचा हक्क आहे. फिर्यादीला एफआयआरची प्रत फुकट द्यावी लागते. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. घटनास्थळ पंचनामा, समोरच्याच्या आरसी, लायसन, पॉलिसीच्या प्रती असं सगळं त्यात नाव घेऊन मागा. तपास अधिकाऱ्यानं ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, त्याचीही प्रत मागा.