अनुभव धागा: विद्यापीठाचं फाटक सगळ्यांना उघडं असतं तो दिवस

कृष्णाकाठची

मंडळी, परवा जावेशी फोनवर बोलत होते. "शनिवारी विद्यापीठ बघायला जाणार आहोत," म्हटलं, तर ती म्हणाली, "का गं, ॲडमिशन घ्यायचीय का कुणाची?" तेव्हा जाणवलं, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी विद्यापीठाचं फाटक दोनच कामांसाठी ओलांडलेलं असतं. शिकायला, नाहीतर मार्कशीटवरची नावाची चूक दुरुस्त करून घ्यायला. एरवी फाटकावरचे काका विचारणारच, "कुणाकडे काम आहे?" ज्या दिवशी हा प्रश्न कुणी विचारत नाही, त्या दिवसाचे अनुभव इथे लिहा. तिकीट नको, ओळखपत्र नको, पोराबाळांना घेऊन मोकळं हिंडायचं, असा दिवस. मी सुरुवात करते.

आम्ही कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहतो. वीसेक मिनिटांवर डेव्हिसचं विद्यापीठ आहे. तिथे एप्रिलमधल्या एका शनिवारी 'पिकनिक डे' असतो. 1909 साली हे नुसतं विद्यापीठाचं शेत होतं. दुभत्या गाईंचा नवा गोठा बांधला, तो बघायला आसपासच्या लोकांना बोलावलं. लोकांनी आपापल्या शिदोऱ्या आणल्या, विद्यापीठाने कॉफी, साय आणि साखर दिली. आता मिरवणूक असते, बँड असतात, रसायनशास्त्राची जादू असते, वीतभर पायांच्या डॅशहाउंड कुत्र्यांची शर्यत असते, आणि सगळं विद्यार्थीच चालवतात. पण मला सांगायचंय ते गाईबद्दल.

त्या वर्षी आई आली होती. जन्म कऱ्हाडकडच्या गावात गेलेला, शाळा चौथीपर्यंत, आणि गोठा मात्र साठ वर्षं. साडीवर माझं जुनं जॅकेट, पायात स्पोर्ट शूज. 'विद्यापीठ' म्हटल्यावर जरा बिचकलीच. "मी काय करू तिथं? तुम्ही जा." कशीबशी गाडीत बसवली.

तिथे एक गाय असते, तिच्या डाव्या कुशीला शस्त्रक्रिया करून भोक ठेवलेलं असतं. रबरी कडं आणि वर बूच. बूच काढून आत हात घालायचा, थेट पोटात. पचन कसं चालतं याच्या अभ्यासासाठी अशा गाई ठेवतात, आणि त्यांच्या पोटातलं पाणी काढून आजारी गाईला पाजतात. लांब रांग होती, त्यात बहुतेक मुलंच. आईने लांबूनच विचारलं, "हिला दुखत न्हाई व्हय गं?" गाय निवांत रवंथ करत होती. ते बघितल्यावर आई रांगेत जाऊन उभी राहिली, मला न विचारता.

खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा तिच्या बांगड्यांवर अडकला. तिथल्या मुलीने तो हळूहळू वर सरकवला. आईने हात घातला आणि गप्पच झाली. मग म्हणाली, "ऊन ऊन हाय. आन् ढवळतंय बघ आपलं आपण." हात बाहेर काढला, मुठीतला चोथा नाकाजवळ नेला. "मुरघास घालत्यात हिला. मक्याचा." मी भाषांतर केलं. ती मुलगी हसली, म्हणाली, बरोबर, मक्याचाच.

पुढची पाच मिनिटं आईचाच तास चालला. पोटफुगीने डावी भकाळी कशी ढोलासारखी वाजते, बांबूच्या नळीतून गोडेतेल कसं पाजायचो, आणि एकदा गाय आडवी पडली तेव्हा डॉक्टरांनी ह्याच जागी, अगदी ह्याच, सुई घालून वारं कसं सोडलं. मुलीने आपल्या दोन मैत्रिणींना हाका मारून बोलावलं. मी भाषांतर करून दमले. मागची रांग खोळंबली, पण कुणी कुरकुरलं नाही.

नंतर वाचलं, की 1924 साली लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे हा दिवस रद्द झाला होता. आईला सांगितलं. "मंग! जनावराचं आधी बघाया पायजे," म्हणाली.

लेक इकडे कीटकशास्त्राच्या इमारतीत रमली होती. तिथे अळ्यांना पाण्यातल्या रंगात बुडवून कागदावर सोडतात. त्या वळवळत जातात तशी रेघ उमटते. एक अळी निळी, एक लाल, चित्र तयार. शेजारी झुरळांची शर्यत. मागून रबरी फुग्याने हवेचा फुसका सोडला की आपलं झुरळ पळतं. ज्या बाईने आयुष्यभर झुरळामागे चप्पल घेऊन धाव घेतली, ती माझी आई तिथे "पळ पळ पळ" म्हणून ओरडत होती.

आता तुम्ही लिहा.

रापणकर

ताई, बँडचं अर्धंच सांगितलंत. आम्ही दोन वर्षांपूर्वी बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने गेलो होतो. संध्याकाळी तळ्याकाठी वेगवेगळ्या विद्यापीठांचे बँड आळीपाळीने वाजवत बसतात. एकदा वाजवलेलं गाणं पुन्हा वाजवायचं नाही. ज्याचा साठा संपला तो उठला, शेवटी उरेल तो जिंकला. मी बायकोला म्हटलं, अगं ही तर आपली डबलबारी, दोन भजनी बुवांचा सामना! फक्त पखवाजाच्या जागी ट्रॉम्बोन. मी मूळ कुडाळचा. रात्र रात्र समोरच्या बुवाचा साठा संपायची वाट बघत बसणारी जमात आमची. सातला निघायचं ठरलेलं, साडेदहाला मुलाला कडेवर झोपलेला घेऊन निघालो. बँड चालूच होते.

खडूफळा

परदेशातलं वाचून बरं वाटलं, पण आमच्याकडे खोडद आहे! नारायणगावपासून जवळ, जुन्नर तालुक्यात. नारायणगाव म्हटलं की लोकांना तमाशा आठवतो, नाहीतर टोमॅटोचा बाजार. पण तिथून थोडं आत गेलं की द्राक्षबागांच्या मागे एकदम 45 मीटर व्यासाच्या ताटल्या दिसायला लागतात. 'जीएमआरटी' रेडिओ दुर्बीण. एकूण 30 अँटेना, त्यातल्या 14 मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर लांबवर पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभी केली. ताटली भरीव नाही, तारांची जाळी आहे. त्यामुळे वजन कमी, खर्च कमी, आणि वारा आरपार जातो.

28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, फाटक सगळ्यांना उघडं. 1928 साली याच तारखेला रामन परिणामाचा शोध लागला म्हणून हा दिवस. नुसतं बघणं नसतं, आसपासच्या शाळांतली मुलं आपापले प्रयोग मांडतात. मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. त्या वर्षी आमचा सहावीतला एक मुलगा इंजेक्शनच्या सिरिंजा आणि सलाइनच्या नळ्यांचा जेसीबी घेऊन आला होता. टेम्पोत मांडीवर धरून आणला, तरी खड्ड्यात एक नळी निसटली आणि रंगीत पाणी माझ्या पँटवर. तशीच पँट घालून दिवसभर उभा होतो.

भाषण मी पाठ करून घेतलं होतं. "नमस्कार, माझ्या प्रयोगाचे नाव..." पोरगं पोपटासारखं बोलायचं. दुपारी संस्थेतले एक गृहस्थ आले. भाषण ऐकून घेतलं, मग मुलासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "नळीत पाण्याऐवजी नुसती हवा भरली तर?" हे पाठांतरात नव्हतं. मुलाने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं (खरं सांगायचं तर मलाही पटकन सुचेना). मग त्याने सरळ एक नळी उपसली, पाणी ओतून दिलं, हवा भरून दट्ट्या दाबला. जेसीबीचा हात जरासा हलला आणि डुगडुगत राहिला. "सर, हवा दबती. पाणी दबत नाय." गृहस्थ म्हणाले, "बघ, आता सांगितलंस तू."

त्यानंतर पोरगं दिवसभर प्रत्येकाला दोन्ही करून दाखवत होतं. पाठ केलेलं भाषण बंद.

जाणाऱ्यांसाठी: तिथे मोबाइल बंद ठेवायला सांगतात, आणि ते शोभेला नसतं. आकाशातून येणारे रेडिओ संकेत इतके क्षीण असतात, की आपल्या फोनच्या गोंगाटात ते बुडून जातात. त्यामुळे दिवसभर सेल्फी नाहीत. वर्गातल्या एका मुलीने वहीवर अँटेना काढली, तीच आमच्या सहलीची एकमेव आठवण.

पेठेबाहेरचा

आमचं पुण्यातलं आयुका, म्हणजे खगोलशास्त्राची संशोधन संस्था. पुणे विद्यापीठाच्या आवारात, तोच विज्ञान दिन, तीच गर्दी. आतला परिसर चार्ल्स कोरियांनी रचलाय. मधल्या कुंडाच्या चार कोपऱ्यांवर आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चौथीत होतो. उन्हात उभं राहून डोकं तापलेलं, पाण्याची बाटली संपलेली. आत गेल्यावर लांबलचक तारेला लटकलेला फुकोचा लंबक बघितला. बाबा म्हणाले, "लंबक वळत नाहीये, पृथ्वी वळतेय." मला अजिबात कळलं नाही, पण मान हलवली. अकरावीत कळलं, तेव्हा पुन्हा जाऊन बघून आलो.

आयुका उभं करणाऱ्या नारळीकर सरांची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असेलच. सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. मी पोस्टकार्ड आणलं होतं. तीन दिवस विचार करून प्रश्नच सुचला नाही. कोरं कार्ड अजून कंपासपेटीत आहे.

लाल_डबा

माझा अनुभव कडू आहे, संस्थेचं नाव लिहीत नाही. आमच्या गावाजवळच्या एका खासगी कॉलेजाने 'खुला दिवस, सहकुटुंब या' असा फ्लेक्स लावला. फाटकावर रजिस्टर: नाव, फोन, मुलगा कितवीत. आत एक रोबो, तोही चार्जिंगला लावलेला. रांगोळी मात्र छान होती. पुढचे सहा महिने रोज फोन. "सर, सीट ब्लॉक करायची का?" मुलगा तेव्हा चौथीत होता.

कृष्णाकाठची

@लाल_डबा हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

टर्पेंटाइन

इथे कलेची बाजू राहिली, म्हणून लिहितो. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं वार्षिक प्रदर्शन लागतं. जे. जे. 1857 सालचं, आता अभिमत विद्यापीठ झालंय. प्रदर्शन बघायला कुणीही जावं, पैसे पडत नाहीत.

माझे वडील लालबागला दुकानांच्या पाट्या रंगवायचे. 'श्री गणेश प्रसन्न' पासून 'येथे उधार बंद आहे' पर्यंत. रंग आणायला आयुष्यभर त्या आवारावरून गेले, आत कधी नाही. "ते शिकलेल्यांचं." माझा मित्र तिथे शिकत होता, म्हणून एकदा ओढून नेलं. आत झाडांची दाट सावली, 'जंगल बुक'वाल्या किपलिंगचा जन्म ज्या जागी झाला तिथे नंतर बांधलेला बंगला, आणि पुढे खोल्याच खोल्या भरून चित्रं. वडील चित्रासमोर उभे राहायचे, पण चेहऱ्याकडे बघायचे नाहीत. वाकून कडेला बघायचे, रंग कुठे ओघळलाय, ब्रश कुठे उचललाय. एका पोर्ट्रेटपाशी थांबून म्हणाले, "ह्या पोराचा हात ठरलेला आहे." ते पोर मागेच उभं होतं. दोघं मग ब्रशच्या केसांवर बोलत बसले. मी दोन वेळा चहा पिऊन आलो.

मिरचीभजी

मी फळीच्या पलीकडचा. बंगळुरूला आयआयएससीत, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत पीएचडी करतो. ही संस्थाही 1909 सालचीच, डेव्हिसच्या पिकनिकच्या वयाची. इथले जुने लोक अजून 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात. आमच्या ओपन डेला अख्खं शहर लोटतं. माझी ड्यूटी कॉर्नफ्लॉवरच्या घोळावर. मोठ्या टाकीत घट्ट घोळ, त्यावरून पळालात तर वर राहता, थांबलात तर बुडता. जोराचा दाब पडला की तो घट्ट होतो, एवढंच सांगायचं असतं. सकाळी हे मी कन्नड, इंग्रजी, हिंदीत उत्साहाने सांगत होतो. दुपारी घसा बसला, मग नुसत्या खाणाखुणा.

संध्याकाळी बेळगावच्या एक आजी आल्या. माझं तोंड ऐकून म्हणाल्या, "मराठी आहेस काय रे? जेवलास?" दिवसभरात हा प्रश्न विचारणाऱ्या त्या एकट्याच. पिशवीतून दशमी काढून दिली. नातू तोपर्यंत घोळाच्या मधोमध थांबला होता आणि गुडघ्यापर्यंत रुतला होता. माझ्या एका हातात दशमी, दुसऱ्याने त्याला ओढतोय.

कपडे जादा न्या. बाकी काही नको.

रापणकर

ताई, गाईची रांग किती वेळ? या वर्षी आईला न्यायचा विचार आहे. तिनेही दोन म्हशी सांभाळल्यात.

कृष्णाकाठची

सकाळी लवकर पोचा आणि आधी गाय करा, मिरवणूक नंतर. खाण्याच्या गाड्यांवर महागाई फार, डबा नेलेला बरा. म्हशी सांभाळलेल्या असतील तर भाषांतराची तयारी ठेवा.

आणि आईचं पुढचं सांगायचं राहिलं. गावी परत गेल्यावर तिने डेअरीवर दूध घालताना सगळ्यांना सांगितलं. कुणी विश्वास ठेवेना. "अमेरिकेतनं आली आन् गाईला खिडकी म्हणती." माझ्याकडच्या फोटोत नेमका तिचा हात दिसतो, गाय अर्धीच. शेवटी जनावरांचे डॉक्टर आले, ते म्हणाले, "खरं आहे, मी पुस्तकात चित्र बघितलंय." तेव्हापासून डॉक्टर गोठ्यात आले की आधी आईला विचारतात, "काकी, भोक केवढं होतं म्हणालात?" आई चहाची बशी पुढे धरते.