परदेशी गेलेला गोंयकार हिशेबात कुठे धरायचा?

डिचोलीकर
दरडोई उत्पन्नात गोवा देशात वरच्या रांगेत, हे आपण अभिमानाने सांगतो. पण हा आकडा गोव्याच्या हद्दीतल्या उत्पादनाचा. कुवेतला राबणाऱ्याची कमाई त्यात नाही, त्याने घरी पाठवलेले पैसेही नाहीत. मायकेल क्लेमेन्स आणि लँट प्रिचेट या अर्थतज्ज्ञांनी 2008 मध्ये वेगळं माप सुचवलं: देशात जन्मलेल्या सगळ्यांचं सरासरी उत्पन्न काढा, मग ते कुठेही राहोत. माणसांचं कल्याण मोजायचं तर हेच माप खरं. इंग्लंडात स्विंडनला गेलेल्या पोरांना नावं ठेवणं आता पुरे.

फोंडेकर
पटलं नाही. ज्याच्याकडे धडाडी आहे, आजोबांचा 1961 पूर्वीचा जन्मदाखला आहे, तोच पोर्तुगीज पासपोर्ट काढून जातो. त्याची कमाई देश बदलल्यामुळे वाढली की तो मुळातच कर्तबगार होता?

डिचोलीकर
म्हणून तर प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटदेशाचा अभ्यास महत्त्वाचा. न्यूझीलंड तिथल्या लोकांना सोडत काढून प्रवेश देतं. मॅकेन्झी, गिब्सन आणि स्टिलमन या संशोधकांनी सोडतीत नाव लागून गेलेल्यांची आणि न लागलेल्यांची तुलना केली. पहिल्याच वर्षात जाणाऱ्यांची कमाई 263 टक्क्यांनी वाढली. इथे कर्तबगारीचा प्रश्न सोडतीनेच मिटतो.

सत्तरीची लेक
दादा, त्याच लोकांचे पुढचे निबंधही सांगा ना. गेलेल्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, पण रक्तदाब वाढला आणि आनंदी वाटणं कमी झालं. सुरुवातीच्या काळात मागे राहिलेल्या घरांची मिळकतही घटली, कारण कमावता हातच गेला. आमच्या वाड्यावर तीन घरांत फक्त म्हातारी माणसं आहेत. पैसे वेळेवर येतात. रात्री छातीत दुखलं तर गाडी काढतो शेजारी. त्याची ती रात्र कुठल्या रकान्यात लिहिणार? पगाराच्या आकड्याला कल्याण म्हणायला माझा ठाम विरोध आहे.

डिचोलीकर
शेजाऱ्याची रात्र धरलीच पाहिजे, ताई. पण त्यावर उपाय म्हणजे गावात वृद्धांसाठी सोय करणं. पोराला अडवून ठेवलं तर त्याचं नुकसान मात्र कुणीच मोजत नाही.

फोंडेकर
मग एक सांगा. बांधकामावर येणाऱ्या ओडिशा-झारखंडच्या कामगाराची वाढलेली कमाईही याच मापाने जमेला धरणार? की तिथे 'भायले', म्हणजे बाहेरचे, म्हणून माप बदलणार?

डिचोलीकर
धरणार. जन्मलेल्या माणसागणिक मोजायचं ठरलं, तर त्याच्या गावाच्या हिशेबात ती जमा झालीच पाहिजे.

सत्तरीची लेक
हे मान्य. त्याच्या गावातल्या म्हाताऱ्या आईलाही त्याच हिशेबात घ्या.