दोन्ही बजी हिरव्या, मग पिल्लू निळं कसं?

गच्चीवरचा पिंजरा (इचलकरंजी)
मोठ्या पिंजऱ्यात बजींच्या (छोट्या रंगीत पोपटांच्या) तीन जोड्या एकत्र आहेत. हिरव्या जोडीच्या मटकीत (अंडी घालायच्या मडक्यात) पाच पिल्लं निघाली. चौघांना हिरवी पिसं फुटली, पाचवं चक्क आकाशी! शेजारच्या मटकीतला नर निळा आहे, त्यामुळे घरात सगळ्यांचा संशय त्याच्यावर. दुकानदार म्हणतो, खाण्याचा फरक. खरं काय? आणि उरलेली चार पुढे निळी पिल्लं देतील का?

जुना पक्षीवाला
खाण्याचा काही संबंध नाही. राळे घाल नाहीतर बाजरी, हिरव्याचा निळा होत नसतो.

हिरवा बजी म्हणजे निळ्यावर पिवळ्याचा हात. पिवळा बनवणारा जीन आईबाप दोघांकडूनही बिघडलेला आला की पिवळा गायब, निळा उरतो. 2017 साली संशोधकांनी हा जीन हुडकलाही. एकाच बाजूने आला तर पक्षी दिसायला हिरवाच, आपण त्याला स्प्लिट म्हणतो.

म्हणजे बाप कुणीही असो, तुझी मादी स्प्लिट आहे हे सोळा आणे पक्कं. नराचं मात्र सांगता येत नाही. तोही स्प्लिट असेल, किंवा घरच्यांचा संशय खरा असेल. एकत्र पिंजऱ्यात एका मटकीत दोन बापांची पिल्लं निघू शकतात.

चार हिरव्यांचं म्हणशील, तर ज्याचा बाप निळा ते नक्की स्प्लिट. बाप हिरवा स्प्लिट असेल तर दर तीन हिरव्यांत सरासरी दोन. बघून कळत नाही. मोठं झाल्यावर निळ्याशी जोडी लाव, पण तो निळा बाहेरून आण, घरातला नको, बाप निघायचा! एक जरी निळं निघालं तरी स्प्लिट ठरला. पक्षी स्प्लिट असूनही सात पिल्लं होऊन सातही हिरवी निघण्याची शक्यता 128 मध्ये 1.

गच्चीवरचा पिंजरा
दादा, मग ही हिरवी जोडी वेगळ्या पिंजऱ्यात ठेवू?

जुना पक्षीवाला
कर, पण पिल्लं स्वतः खायला लागल्यावर. आणि लगेच मटकी लावू नकोस. आधीच्या नराचं बीज मादीच्या पोटात काही दिवस टिकतं, तीनेक आठवडे जाऊ दे. पिल्लांच्या पायात रिंगा घाल, वहीत नंबर लिही.

ल्युटिनोप्रेमी
मला एक जण स्प्लिट ल्युटिनो मादी (पिवळ्या रंगाचा जीन लपलेली) देतोय, भाव जरा जास्त आहे. घेऊ का?

जुना पक्षीवाला
अजिबात नको! ल्युटिनोचा जीन लिंगाच्या गुणसूत्रावर असतो आणि मादीकडे त्याची एकच जागा. तो असला तर ती पिवळी, लाल डोळ्यांची दिसणारच. ल्युटिनोला स्प्लिट फक्त नर असतो. विकणाऱ्याला हे माहीत नसेल तर ठीक, माहीत असून विकत असेल तर त्याच्याकडून राळेसुद्धा घेऊ नकोस.

गच्चीवरचा पिंजरा
एक जण माझी चारही हिरवी 'स्प्लिट' म्हणून जास्त पैशांत मागतोय.

जुना पक्षीवाला
हिरव्याच्या भावात दे. निळ्या पिल्लाचा फोटोही दाखव, पुढचं त्याचं तो ठरवेल.