ओरांजच्या रोमन थिएटरात रात्रीचा ऑपेरा: जावं का, बसावं कुठे?

रानवारा: जुलैत लेकीकडे पॅरिसला चाललोय. दक्षिण फ्रान्समधल्या ओरांजला रोमन थिएटरात ‘कोरेजी’ महोत्सव असतो, त्याची तिकिटं काढावीत का? सासूबाई (वय ७२, गुडघे कुरकुरतात) सोबत आहेत. ऑपेरा घरात कुणालाच कळत नाही.

उंबरठा: नाही कळला तरी जा. भिंतीसाठी जा! रंगमंचामागची ती भिंत १०३ मीटर लांब आणि ३७ मीटर उंच, पहिल्या शतकापासून उभी. चौदाव्या लुईने तिला ‘माझ्या राज्यातली सर्वांत देखणी भिंत’ म्हटल्याचं सांगतात. बहुतेक रोमन थिएटरांची नेमकी हीच भिंत पडलेली असते. इथे ती आवाज प्रेक्षकांकडे परतवते, म्हणून आठ हजार माणसांपुढे बिनमाईकचं गाणं चालतं. अंधार पडला की मधल्या कोनाड्यातल्या रोमन सम्राट ऑगस्टसच्या पुतळ्यावर प्रकाश येतो, तो क्षण चुकवू नका.

बसायच्या पायऱ्या टेकडीच्या उतारावर आहेत, वर जाल तितकी चढण जास्त. सासूबाईंसाठी खालच्या रांगा घ्या, खिसा हलका होईल खरा. उशी न्याच, दगड तो दगड.

भटका_बोका: वाऱ्याचं कुणीच बोललं नाही! मिस्त्राल (तिकडचा थंड, जोरदार वारा) सुटला तर भर जुलैत कुडकुडाल. १९७४ साली स्पॅनिश गायिका मोन्सेरात काबायेने तिथे ‘नॉर्मा’ हा ऑपेरा गायला तो अशाच वाऱ्यात. अंगावरची वस्त्रं फडफडताहेत आणि बाई गातेय, चित्रफीत शोधून बघा. शाल हवीच. शिवाय प्रयोग सुरूच होतो रात्री साडेनऊच्या सुमारास, सुटेपर्यंत मध्यरात्र उलटते. परतीच्या रेल्वेच्या भरवशावर राहू नका, मुक्काम ओरांजमध्येच करा. मला विचाराल तर दिवसा थिएटर बघून जवळचं अविन्यों शहर गाठणं सोपं.

उंबरठा: सोपं आहे हो, पण पंगत उठल्यावर मांडव बघण्यातला प्रकार तो. १८६९ पासून तिथे महोत्सव भरतोय. ऑपेराची गोष्ट तेवढी आधी वाचून जा.

(आणि गावाच्या नावाचा संत्र्याशी काही संबंध नाही. रोमनांचं हे अराउसिओ.)

रानवारा: सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, “लहानपणी पहाटेपर्यंत संगीत नाटकं बघितलीत, मला जागरणाचं काय सांगता? उशी माझी मी घेते. मध्यंतरात चहा मिळतो का तेवढं विचार.”

मिळतो का?

भटका_बोका: थर्मास न्या.